ऑब्जेक्ट: कर्म की कर्ता?

कॉलेजात प्रोग्रॅमिंगची पहिली ओळख झाली की लगेच ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ हा विषय येतो. पहिल्याच तासाला फळ्यावर चार शब्द पडतात: क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. मुले व्याख्या उतरवून घेतात आणि परीक्षेत लिहूनही येतात. महिन्याभरात ‘क्लास लिहायचा, ऑब्जेक्ट क्रिएट करायचा, मेथड कॉल करायची’ अशी बोली प्रयोगशाळेत रुळते. ऑब्जेक्ट पुल्लिंगी, मेथड स्त्रीलिंगी, हे कोणी शिकवलेले नसते, पण कोणी चुकतही नाही. म्हणजे शब्द मराठीत नांदू लागले. तरी चांगली हुशार मुले या विषयात अडखळतात, आणि हा विषय शिकवताना मला वारंवार जाणवते की ती अडखळतात ती सूत्रांशी नव्हे, शब्दांशी. या चारांपैकी ऑब्जेक्ट हा शब्द गेल्या साठ वर्षांत वाक्यातली आपली जागाच बदलून बसला आहे. इंग्रजीत तो बदल झाकला जातो. मराठीत मात्र तो लपत नाही.

आधी क्लास. मूळ लॅटिन ‘क्लासिस’. रोमची परंपरा सांगते, की सर्व्हियस तुलियस या राजाने नागरिकांची मालमत्तेप्रमाणे विभागणी केली. कोणी कोणती शस्त्रे घेऊन लढाईला यायचे, हेही त्या विभागणीवरून ठरे. पहिल्या विभागातला तो ‘क्लासिकस’, आणि त्यावरून पुढे उत्तम साहित्याला क्लासिकल म्हणू लागले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्यातल्या ‘अभिजात’ला इंग्रजी कागदोपत्री जो शब्द आहे तो हाच. आपल्याकडे क्लास लावतात, फर्स्ट क्लास मिळवतात, क्लास वन अधिकारी होतात. सगळीकडे माणसांचा गट किंवा त्यांची पायरी हाच अर्थ. त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात पहिले चित्र उमटते ते असे, की क्लास म्हणजे पुष्कळ ऑब्जेक्ट एकत्र ठेवलेला गट. प्रत्यक्षात क्लास लिहून होतो तेव्हा त्यात एकही ऑब्जेक्ट नसतो. पुढे जे घडतील त्यांच्यापाशी काय काय असेल आणि त्यांना काय काय येत असेल, एवढेच तिथे सांगितलेले असते.

‘वर्ग’ हा आपला शब्द इथे थोडी अधिक मदत करतो. तो वृज् या धातूचा, म्हणजे वगळणे, वेगळे काढणे. वर्ज्य हा त्याचाच भाऊबंद. कवर्ग, चवर्ग म्हणताना आपण अक्षरांची गर्दी सांगत नसतो, उच्चाराचा एक धर्म सांगत असतो: कंठातून येणारी ती इकडे, तालूवरची तिकडे. वर्गाचा कस त्या धर्मात आहे, किती जण जमले यात नाही.

प्रोग्रॅमिंगमध्ये हा शब्द आला तो ऑस्लोत. तिथल्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टन न्यूगार्ड आणि ओले-योहान डाल हे दोघे साठच्या दशकात सिम्युला नावाची भाषा घडवत होते. काउंटरवर गिऱ्हाइकांची रांग किती वाढेल, कारखान्यात माल कुठे तुंबेल, अशा घडामोडी संगणकावर उभ्या करून पाहायच्या, हा तिचा हेतू. पहिल्या सिम्युलात वर्णनाला ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणत आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या एकेकाला ‘प्रोसेस’. १९६६ मध्ये फ्रान्समधल्या व्हिलार-द-लाँ इथल्या उन्हाळी वर्गात टोनी होअर यांनी ‘रेकॉर्ड क्लास’ ही कल्पना मांडली. ती डाल आणि न्यूगार्ड यांच्या कामाला पुढची वाट दाखवून गेली. १९६७ च्या सिम्युलात ॲक्टिव्हिटीचा क्लास झाला आणि प्रोसेसचा ऑब्जेक्ट. पुढे या दोघांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

प्रोसेस म्हणजे चालू असलेली गोष्ट, स्वतः काही करणारी. ती जाऊन तिच्या जागी जो शब्द बसला तो एका निपचित वस्तूचा. मला या बदलीचे फार वाटते, कारण विद्यार्थ्याची अडचण नेमकी इथून सुरू होते.

ऑब्जेक्टचे मूळ लॅटिन क्रियापद फेकणे, टाकणे या अर्थाचे. समोर टाकलेले ते ऑब्जेक्ट. मध्ययुगीन तत्त्वज्ञांच्या लेखी मनापुढे जे येते ते ऑब्जेक्ट, आणि त्यांचे ‘ऑब्जेक्टिव्ह’ आजच्या अर्थाच्या बरेचसे उलट होते: मनात जसे भासते तसे. पुढे अर्थाने कूस बदलली. इंग्रजी व्याकरणाने हा शब्द घेतला तो क्रिया ज्याच्यावर होते त्यासाठी, म्हणजे आपले कर्म. आपल्या मुलांना तो पहिल्यांदा भेटतो तोही शाळेत, इंग्रजीच्या तासाला, सब्जेक्ट म्हणजे कर्ता आणि ऑब्जेक्ट म्हणजे कर्म असा. दहा वर्षे मनात मुरलेला हा अर्थ घेऊन मुलगा कॉलेजात येतो, आणि तिथे त्याला सांगतात, की ऑब्जेक्टला काम सांग, तो ते करील. कर्माला काम कसे सांगायचे?

बँकेचे खाते हे या विषयाचे ठरलेले उदाहरण. जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅममध्ये खाते बंद करायचे तर ‘बंद_कर(खाते)’ असे लिहावे लागे. वाचताना सरळ मराठी होते: खाते बंद कर. खाते हे कर्म, करणारा कोणी दुसरा. आता हेच ऑब्जेक्टच्या रीतीने लिहायचे तर खाते आधी, मग टिंब, मग क्रिया. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘क्लोज’ हेच क्रियापद चालते, कारण ते सकर्मकही आहे आणि अकर्मकही. दुकान क्लोज करतात आणि दुकान क्लोज होते, रूप एकच. त्यामुळे इंग्रजीत लिहिणाऱ्याला काही हलल्याचे जाणवतच नाही. मराठीत ‘खाते.बंद_कर()’ लिहून बघा. वाचले की लगेच खटकते: खात्या, बंद कर, पण काय? तिथे ‘खाते.बंद_हो()’ असेच म्हणावे लागते. करणेचे होणे झाले, आणि कर्म होते ते कर्ता झाले. पाठ्यपुस्तकाच्या तीन पानांत जी गोष्ट मुलांच्या गळी उतरत नाही ती या एका क्रियापदाने उतरते, असे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

हीच कसोटी पुढे लावावी. खात्यातून पैसे काढणे हे गिऱ्हाइकाचे बोलणे झाले. खात्याशीच बोलायचे तर ‘खाते.दे(५००)’. भरणे नव्हे, ‘खाते.घे(५००)’. मग शिल्लक चारशे असताना पाचशे मागितले तर नाही कोण म्हणणार, हा प्रश्न आपोआप सुटतो. देणारा तोच नाही म्हणणार. बाहेरच्याने शिल्लकेला परस्पर हात लावायचा नाही हा नियम पुस्तकात एन्कॅप्सुलेशन या भारदस्त नावाने येतो. त्याच्या मुळाशी लॅटिनमधली छोटी डबी आहे, यापलीकडे त्या शब्दाविषयी सांगण्यासारखे फार नाही.

टिंबाचेही तसेच. ‘खाते.शिल्लक’ आणि ‘खाते.बंद_हो()’ या दोन्हींत टिंब एकच, पण मराठीत वाचताना दोन विभक्ती लागतात. पहिले ‘खात्याची शिल्लक’, म्हणजे षष्ठी. दुसरे ‘खात्या, बंद हो’, म्हणजे संबोधन. गुण विचारताना चा-ची-चे, काम सांगताना हाक. मुलांना ओळी मोठ्याने मराठीत वाचायला लावाव्यात. कंस कुठे द्यायचा आणि कुठे नाही हे त्यांना पाठ करावे लागत नाही, कारण जिथे हाक आहे तिथे कंस आहे.

पाणिनीने कर्त्याची ओळख सांगितली ती स्वातंत्र्यावरून: क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र तो कर्ता. आणि दुसऱ्याकडून काम करवून घेणारा जो असतो त्याचीही वेगळी नोंद केली. शाळेत आपण प्रयोजक क्रियापदे शिकतो, करणे आणि करवणे, त्यांचे मूळ या विचारात आहे. ऑब्जेक्टला हाक मारणारा प्रोग्रॅम हा असा करवणारा. काम कसे करायचे ते त्याने ठरवायचे नसते, ते ऑब्जेक्टचे स्वातंत्र्य. हे सगळे आमच्याकडे आधीच होते, असा दावा मला करायचा नाही. पाणिनीपुढे संगणक नव्हता, भाषा होती. मात्र क्रियेत कोण कोणत्या नात्याने उतरतो याचे इतके बारीक भान असलेले व्याकरण आपल्या हाताशी असताना ते वर्गाबाहेर ठेवणे हा अपव्यय आहे.

‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ ही जोडी जुळवणारे ॲलन के यांनाही शब्दाची ही उणीव बोचली. त्यांचे शिक्षण गणित आणि जीवशास्त्राचे. आपापल्या आवरणात राहून एकमेकींना निरोप धाडणाऱ्या पेशी त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या. त्यातून सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात स्मॉलटॉक ही भाषा घडली. तिच्यात ऑब्जेक्टला मेसेज पाठवतात. पुढे के यांनी स्वतःच लिहून ठेवले, की ऑब्जेक्ट हा शब्द वापरल्याचा त्यांना पश्चात्ताप होतो, कारण लोक वस्तूकडे पाहत राहिले आणि मुख्य गोष्ट जी निरोप ती मागे पडली. मराठीत कोणी ‘वस्तुनिष्ठ’ असा प्रतिशब्द केला तर गोंधळ दुप्पट होतो, कारण आपल्या परीक्षार्थी मुलांना वस्तुनिष्ठ म्हणजे चार पर्यायांतून एक निवडायचा प्रश्न. त्यापेक्षा ऑब्जेक्ट तसाच राहू द्यावा आणि त्याला कर्ता म्हणून वागवावे.

ऑब्जेक्टने स्वतःचा उल्लेख कसा करावा, यावर दोन घराणी आहेत. सिम्युलाने ‘धिस’ घेतला, आणि तिथून तो सी प्लस प्लसमध्ये आणि जाव्हात आला. स्मॉलटॉकने ‘सेल्फ’ घेतला, पायथनमध्येही तोच आहे. व्याकरणाच्या भाषेत ऑस्लोने दर्शक सर्वनाम निवडले, पालो आल्टोने आत्मवाचक. मराठीतला आत्मवाचक ‘आपण’ हा संस्कृत आत्मन् पासून प्राकृतातल्या ‘अप्प’मार्गे आलेला. पायथन शिकणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा एक विचित्र तक्रार वाचावी लागते: या मेथडला शून्य आर्ग्युमेंट लागतात, पण एक दिले गेले आहे. मुलगा आपली ओळ पुन्हा पुन्हा पाहतो. कंस तर रिकामा आहे, मग हे एक आले कुठून? ते एक म्हणजे टिंबाच्या आधी उभा असलेला ऑब्जेक्ट. हाक मारली की तो स्वतः पहिला आत शिरतो, आणि त्याला बसायला मेथडच्या व्याख्येत ‘सेल्फ’ नावाची जागा लिहून ठेवायची राहिलेली असते. कर्त्यावाचून क्रिया नाही, हे तिथे यंत्रच बजावते.

मेथड शब्दाबद्दल एवढेच सांगायचे, की ग्रीकमध्ये त्यात ‘होदोस’ म्हणजे वाट आहे, आणि आपल्या ‘पद्धती’तही पायांनी मळलेली वाटच आहे. दोन्ही भाषांनी काम करण्याच्या रीतीला वाटेचे नाव दिले.

आता जाव्हातली ही ओळ मोठ्याने वाचा: ‘स्टुडंट स्टुडंट इज इक्वल टू न्यू स्टुडंट’. नवख्या मुलाला यात तीन वेळा तेच ऐकू येते. पहिला स्टुडंट क्लास, दुसरा एका ऑब्जेक्टकडे बोट दाखवणारे नाव, तिसरा त्या क्लासमधून नवा घडवणारा कन्स्ट्रक्टर. रोमन लिपीत पहिला आणि तिसरा मोठ्या अक्षराने सुरू करण्याचा प्रघात आहे, दुसरा लहान अक्षराने. डोळ्याला तेवढा आधार असतो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. जाव्हात आणि पायथन ३ मध्ये देवनागरी नावे खुशाल चालतात, ‘विद्यार्थी’ नावाचा क्लास आजही लिहिता येतो, पण मग व्यक्तीला दुसरे नाव शोधावे लागते. मला ही सक्ती चांगली वाटते. सामान्य कोणते आणि विशेष कोणते, याचा निकाल आधी लावावा लागतो.

हा वाद फार जुना आहे. ‘गाय’ म्हटले की समोरची एक गाय अभिप्रेत असते की सगळ्या गायींचे सामाईक रूप? व्याडीचे मत पहिल्या बाजूचे, वाजप्यायनाचे दुसऱ्या. दोघांची मते व्याकरणाच्या परंपरेने जपून ठेवली. न्यायशास्त्राने त्यातून जाती आणि व्यक्ती ही जोडी पक्की केली, आणि क्लास व इन्स्टन्स, म्हणजे त्यातून घडलेला एकेक ऑब्जेक्ट, या जोडीला इतके नेमके बसणारे शब्द मला दुसरे माहीत नाहीत. व्यक्ती म्हणजे प्रकट झालेली. इव्हान सदरलंड यांनी १९६३ मध्ये स्केचपॅड या चित्रे काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मूळ आकृतीला ‘मास्टर’ आणि तिच्या एकेका उतरलेल्या रूपाला ‘इन्स्टन्स’ म्हटले, ते या अर्थाच्या अगदी जवळचे. पण जाती हा शब्द मी वर्गात उच्चारत नाही. समोर बसलेल्या मुलांपैकी काहींनी त्या शब्दापायी सोसलेले असते. जन्माने जे मिळाले ते बदलता येत नाही, हे तत्त्व यंत्रातल्या ऑब्जेक्टला लागू करताना त्याच शब्दाने माणसांचे काय केले हे विसरता येत नाही. तर्कशास्त्रातली नेमकेपणाची गरज त्यापुढे लहान आहे. ‘क्लास’ आणि ‘नग’ म्हणावे: या क्लासचे तीन नग. बाजारातला शब्द आहे, कोणाला लागत नाही, आणि मोजता येतो.

पॉलिमॉर्फिझमचे भाषांतर बहुरूपता असे करतात. शब्द ग्रीकला धरून आहे, पण मराठी कानाला त्यात बहुरूपी दिसतो, सोंगे बदलत गावोगाव फिरणारा. तिथे माणूस एक, सोंगे अनेक. प्रोग्रॅममध्ये जे घडते ते याच्या उलट. निरोप एक, आणि तो ऐकणारे अनेक, प्रत्येक जण आपापल्या परीने वागतो. ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी १९६७ मध्ये कोपनहेगनच्या व्याख्यानांत हा शब्द प्रोग्रॅमिंग भाषांसाठी वापरला, तेव्हा त्यांचा प्रश्नही हाच होता, की अधिक हे एकच चिन्ह पूर्णांकांना आणि दशांशांना वेगवेगळे काम कसे करायला लावते. याला मराठीतले उदाहरण हवे तर ‘लावणे’ घ्यावे. दिवा लावतात तेव्हा तो पेटतो. झाड लावतात तेव्हा ते जमिनीत जाते. कुलूप लावले की दार मिटते, क्लास लावला की फी भरावी लागते, आणि अर्थ लावायचा तर डोके चालवावे लागते. ‘लाव’ एवढा एकच निरोप, पुढचे सगळे ज्याला लावायचे त्याच्या स्वभावावर. ऐकणारा कुठेही गोंधळत नाही. मराठी माणूस लहानपणापासून हे करत आला आहे, हे मुलांना दाखवून दिले की त्या जड ग्रीक शब्दाची भीती जाते.

राहिला इनहेरिटन्स. गंमत अशी की सिम्युलात हे नाव नव्हते. तिथे ‘वाहन’ क्लासवरून ‘ट्रक’ क्लास करायचा तर ट्रकच्या व्याख्येआधी वाहनाचे नाव लावत, आणि त्याला ‘प्रिफिक्स’ म्हणत. प्रिफिक्स म्हणजे उपसर्ग. हार या शब्दाला प्र, आ, सं, वि लावून जसे प्रहार, आहार, संहार, विहार होतात, तशीच ही रचना. वारसाहक्काची भाषा नंतर रुळली, आणि तिच्याबरोबर कायद्याचा सगळा संसार आला.

‘वारसा’ आणि ‘मिरास’ हे दोन्ही मराठी शब्द अरबीतल्या एकाच धातूचे. मिरासदार म्हणजे जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेला, उपरी म्हणजे तसा हक्क नसलेला, हा फरक जुन्या महाराष्ट्रातल्या गावगाड्याचा कणा होता. पण वारसा म्हटले की मुलांच्या मनात येते ते बाप गेल्यावर मिळणारे घर. मग ती विचारतात, की वरचा क्लास अजून आहे, तर खालच्याला वारसा मिळाला कसा? याचे उत्तर विज्ञानेश्वराकडे आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. तिच्या मते वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क असतो. बंगालमध्ये चाललेल्या जीमूतवाहनाच्या दायभागात तो बापाच्या मृत्यूनंतर येतो. प्रोग्रॅमिंगमधला वारसा मिताक्षरेचा. बाप हयात, आणि मुलगा जन्मापासून धनी. मिताक्षरेने हा जन्मसिद्ध हक्क मुलींना दिला नव्हता. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये दिला आणि केंद्राच्या कायद्याने २००५ मध्ये. क्लासच्या वारसांत हा भेद कधीच नव्हता. दुसरा फरक वाटणीचा. इथे वारस कितीही असोत, प्रत्येकाला सगळे मिळते आणि मूळ तसूभर कमी होत नाही.

वारसाने वडिलांची रीत बदलायची ठरवली तर त्याला ओव्हरराइड म्हणतात. सर्वसाधारण नियम तो उत्सर्ग, आणि त्याला बाजूला सारणारा खास नियम तो अपवाद, ही व्याकरणातली जोडी मुलांना लगेच पटते. सुपरक्लास आणि सबक्लास या नावांनी मात्र खुद्द बियार्ने स्ट्राउस्ट्रप गोंधळले, कारण ज्याच्यापाशी जास्त असते त्याला ‘सब’ म्हणायचे हे उलटेच वाटते. १९७९ मध्ये बेल लॅब्समध्ये त्यांनी ‘सी विथ क्लासेस’वर काम सुरू केले आणि त्याची पुढे सी प्लस प्लस झाली. तिथे त्यांनी ‘बेस’ आणि ‘डिराइव्ह्ड’ ही नावे घेतली. मूळ आणि साधित, शब्दसिद्धीच्या धड्यात आपण म्हणतो तशीच.

एकाला दोन बाप असले तर? सी प्लस प्लस हे चालवून घेते. जाव्हा १९९५ मध्ये आली ती क्लासच्या बाबतीत हे नाकारतच. हिंदू धर्मशास्त्राने मात्र या प्रश्नाला नाव देऊन ठेवले होते. दत्तक गेला, तरी जन्मदात्याचाही वारस राहिला, अशा मुलाला द्व्यामुष्यायण म्हणत: त्या दोघांचा मुलगा. दोन्ही घरची मालमत्ता त्याला येई, आणि त्यासाठी जन्मदाता आणि दत्तक घेणारा यांच्यात तसा करार आधी व्हावा लागे. दोन्ही बापांकडे एकाच नावाची मेथड असली आणि मुलाने नुसते नावाने हाक मारली, तर सी प्लस प्लसचा कंपायलर कोणाची ते सांगा म्हणून अडून बसतो. पायथन अडत नाही. तिथे तो करार क्लासच्या पहिल्याच ओळीत कंसात असतो: दोन्ही बापांची नावे ओळीने, आणि डावीकडच्याचा शब्द आधी.